माझ्या वाटीतला तांबडा रस्सा

मी कोल्हापूरचा आहे आणि मला तिखट खाता येत नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. ज्या गावात तान्ही पोरं तांबडा रस्सा चाटून झोपतात (थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच!), तिथं मला ढोबळी मिरचीनंसुद्धा घाम फुटतो. ही गोष्ट जगात एकट्या सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ठाऊक होती. निदान मी तसं समजत होतो.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नेसरीहून सगळं सासर आमच्याकडं मटणाला आलं. आदल्या संध्याकाळीच सगळे मुक्कामाला पोचले, तेव्हा लेकीनं, मुक्तानं, सगळ्यांदेखत माझ्या तोंडापुढं मोबाईल धरला.

"पप्पा, आईच्या प्रेमात कशामुळं पडला? खरं सांगा, व्हिडिओ चालू हाय!"

खरं कारण मला लख्ख आठवत होतं. पण ते सांगायचं तर तिखटाचं बिंग फुटणार! समोर मेव्हणे बाळासाहेब मिशीला पीळ देत बसलेले. मी घाबरून बोलून गेलो, "काय न्हाय गं, नेसरीच्या शाळेतनं बदली मिळंना. म्हटलं, ऱ्हायचंच हाय तर लग्न तरी करावं!"

सगळे हसून हसून लोळले. सुनंदा हसली नाही. नुसतं "बरं" म्हणाली. आमच्याकडची बाई ओरडली, भांडली, लाटणं आपटलं तर घाबरायचं कारण नसतं. हळू आवाजात "बरं" म्हणाली की संपलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटं मांडायला घेतली तसा मी स्वयंपाकघरात डोकावलो. मटणाच्या दिवशी आमच्याकडं दोन पातेली असतात. मोठ्यात सगळ्यांचा रस्सा. छोट्यात माझा: ब्याडगी मिरचीचा रंग, वर तेलाचा लालभडक तवंग, आणि तिखट नावाला नाही. आज शेगडीवर छोटं पातेलंच नव्हतं.

"अगं, माझं पातेलं?"

"कुठलं पातेलं?"

"सुनंदा, चेष्टा नको. तुझे भाऊ बसलेत बाहेर!"

"म्हणूनच सांगती. सगळ्यांसमोर खरं कारण सांगा, मग वाढती. न्हायतर बदली मिळंपर्यंत ह्या मोठ्यातलंच खावा!" शेवटी तिचा आवाज जरा कापला.

आता ते खरं कारण. पंचवीस वर्षांपूर्वी बाळासाहेब आणि मी नेसरीच्या एकाच शाळेत मास्तर. म्हाईला, म्हणजे गावच्या जत्रेला, त्यांनी मला घरी जेवायला ओढून नेलं. म्हाईत पावण्याची वाटी रिकामी दिसली तर घराची लाज जाते, म्हणून विचारायच्या आत रस्सा ओतला जातो. पहिल्याच घोटाला माझी कानशिलं तापली, नाक गळायला लागलं. वाढत होती त्यांची बहीण सुनंदा. तिनं एकदाच माझ्या तोंडाकडं बघितलं, न बोलता वाटी उचलली आणि दुसरी भरून आणली. तशीच लाल! मी देवाचं नाव घेऊन प्यालो, तर तिखटच नाही! मान वर केली तोवर ती पुढच्या ताटाला वाढत होती. हातावर पाणी घालताना एवढंच म्हणाली, "गप बसा. तुमाला कोन हसणार न्हाय." झालं! मी तिथंच गेलो. कायमचा!

हे सांगायचं सोडून मी बदली सांगून बसलो होतो.

सगळे जेवायला बसले. बाळासाहेब स्वतः पातेलं घेऊन उभे. "दाजी, आज मी वाढणार! वाटी तोंडाला लावा, चमचा चालायचा न्हाय!"

मी हळूच वाटीतल्या तांबड्यात पांढरा रस्सा मिसळायला गेलो.

"अवं, वाटोळं करताय का रश्श्याचं?" त्यांनी वाटी काढून घेतली, नवी काठोकाठ भरली. मी वाटी ताटाआड सरकवली, तर त्यांनी भातावरच ओतला! चौदा माणसं माझ्याकडं बघत होती. मुक्ताचा मोबाईल चालूच.

एक घोट. उचकी. दुसरा घोट. डोळ्यांतून धारा!

"बघा, दाजी रडाय लागलं!" बाळासाहेब गरजले. "पंचवीस वर्सांचं प्रेम हाय ते!"

सुनंदा दारात उभी होती. तिचेही डोळे भरले होते, आणि तिनं तर रस्सा चाखलाही नव्हता. मला माझीच लाज वाटली. भरल्या पंगतीत जिनं माझी अब्रू झाकली, तिची मी भरल्या घरात चेष्टा केली होती.

मी उठून उभा राहिलो. "मला... उक्... तिखट खाता येत न्हाय! म्हाईला हिनं माझी वाटी बदलली... उक्... आणि कुणाला कळू दिलं न्हाय! म्हणून मी हिच्या प्रेमात पडलो! बदलीबिदली सगळं खोटं!"

बाळासाहेबांनी पातेलं खाली ठेवलं.

"दाजी, ह्यात नवीन काय सांगितलं?"

"म्हणजे?"

"त्या म्हाईला तुमच्या वाटीत पोरांच्या बिनतिखट पातेल्यातला रस्सा हुता की! आमच्या आख्ख्या भावकीला ठावं हाय. सुनंदानं तवाच सगळ्यांना दम भरला हुता, मास्तरला कळू दिऊ नका, मानूस लाजंल. पंचवीस वर्सं गप बसलोय आमी! काल व्हिडिओत बोलाल म्हटलं, तर तुमी बदली काढली. आज मोठ्या पातेल्यातलं वाढून बोलतं केलं!"

माझं गुपित सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच फक्त माझ्यापासून लपवलेलं होतं! मी सुनंदाकडं बघितलं. ती आत गेली आणि ओट्याखालून छोटं पातेलं घेऊन आली. सकाळीच करून ठेवलेलं, अजून गरम! वाटी भरून पुढं ठेवली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "घ्या. बदलीची ऑर्डर आली की कळवा!"

पातेल्यात भरपूर रस्सा होता. मी बाळासाहेबांच्या चार वर्षांच्या नातीला जवळ बोलावलं. "ये बाळ, आपण दोघं ह्यातलं खाऊ."

तिनं वाटीत वाकून बघितलं. "न्हाय! मी आता मोठी झाली. मी मोठ्या पातेल्यातलं खाते."

पोरगी वरच्या वर्गात गेली. मास्तर अजून त्याच वर्गात आहेत!