मामांचं नाक

धान्याच्या गोदामात तीस वर्षं धुरी देणाऱ्या मामांना सगळे पाठीमागे ‘नाक’ म्हणायचे. समोर अर्थातच मामा. तसं नाक होतंही भलंमोठं, कोपऱ्यावरून मामांच्या आधी ते वळायचं. पण नाव पडलं ते त्यांच्या कामामुळे.

आता, धुरी म्हणजे काही धूर नव्हे. पोत्यांच्या थप्पीवर ताडपत्री घालायची, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या, आत राखाडी गोळ्या ठेवायच्या आणि दारांच्या फटी चिकटपट्टीने बुजवायच्या. हवेतल्या ओलीने गोळ्या विरतात आणि विषारी गॅस सुटतो. वर फिरणारा किडा लवकर मरतो. वेळ लागतो तो आतल्याला. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून अंडं घालते आणि वरून लिंपून टाकते. अळी आतल्या आत दाणा खात बसते, बाहेरून दाणा टुमटुमीत. म्हणून गोदाम आठवडाभर बंद. मग दारं उघडून वारं खेळू द्यायचं आणि सगळ्यांत आधी मामांनी आत जायचं. लसणासारखा वास आला तर थांबायचं. नाही आला तर मामा आतून ओरडणार, “या!” आणि हमाल पोत्यांना भिडणार.

गॅस मोजायचं यंत्र होतं, पण ते गोदामापेक्षा दुरुस्तीच्या दुकानातच जास्त राहायचं. नाकावर भरवसा ठेवू नका, असं गोळ्यांच्या डब्यावरच छापलेलं होतं. डब्यावरचं वाचतो कोण? यंत्रापेक्षा मामांचं नाक बरं, असं साहेबच म्हणायचे, आणि मामांना ते ऐकायला गोड वाटायचं.

दीड वर्षापूर्वी मामांना ताप आला. तो उतरल्यावर एका सकाळी ते स्वयंपाकघरात पेपर वाचत बसले होते. मामी आंघोळीहून धावत आल्या तर शेगडीवर दूध करपून पातेलं काळंठिक्कर, आणि मामा दोन हातांवर निवांत.

“अहो, नाक आहे की खुंटी?” मामी ओरडल्या. मग मामांचा चेहरा पाहून पातेलं बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसल्या.

डॉक्टर म्हणाले, तापाने वास गेलाय, येईल परत. आला नाही. मामांनी गोदामात कुणाला सांगितलं नाही. तीस वर्षांचं नाव एका वाक्यात घालवायचं म्हणजे काय! त्याऐवजी ते दारं दोन तास जास्त उघडी ठेवू लागले. आत जाऊन उगाच हुंगल्यासारखं करायचे, शंभर आकडे मोजायचे, डोकं गरगरलं नाही की “या!” म्हणायचे. संध्याकाळी दारातच मामी त्यांचा सदरा हुंगायच्या.

“लसूण आहे,” त्या एखाद्या दिवशी म्हणायच्या. “पण मला आत्ता कळून काय उपयोग? बैल गेला अन् झोपा केला. सांगून टाका ना तिथे.”

“सांगतो,” मामा म्हणायचे. आणि रात्रभर कूस बदलत राहायचे.

मागच्या खेपेला साहेबांनी घाई केली. जास्तीचे दोन तास मिळाले नाहीत. मामांनी “या!” म्हटलं आणि अर्ध्या तासात पैलवान बाहेर येऊन भडाभडा ओकला. सगळ्यांत धिप्पाड हमाल तो, पण पाय लटपटत होते. मामांनी त्याला धरून झाडाखाली नेलं, पाणी पाजलं, पंख्याने वारा घातला.

“ऊन लागलंय याला,” मामाच सगळ्यांना म्हणाले. मामांनी म्हटलं म्हणजे ऊनच. दोन दिवसांनी पैलवान कामावर आला, तोवर मामांच्या घशाखाली घास नीट उतरला नव्हता.

आणि आज तीन नंबरचं गोदाम उघडलं होतं. वारं पडलेलं. झाडाचं पान हलत नव्हतं. दारं उघडून जेमतेम तास झाला होता आणि बाहेर पाच ट्रक उभे होते.

“मामा, जा बघू आत,” साहेब घड्याळ बघत म्हणाले. “ड्रायव्हर माझं डोकं खातायत.”

“अजून दोन तास तरी...”

“दर वेळी तुमचे दोन तास! वास येतोय का?”

मामा उंबऱ्याशी उभे राहिले. श्वास घेतला तर नुसती गरम हवा. मागे अकरा हमाल डोक्याला फडकी बांधून तयार होते, आणि सगळ्यांत पुढे पैलवान.

“मामा म्हणाले की निघालोच, साहेब,” तो हसत म्हणाला. “आम्ही दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही.”

मामांनी आत टाकलेला पाय मागे घेतला.

“कुणी आत जायचं नाही,” ते म्हणाले. “मला वास येत नाही.”

“मग नाही येत ना? चला रे!”

“तसं नाही, साहेब. कशाचाच येत नाही. दीड वर्ष झालं.”

साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी शेजारच्या गोदामातून यंत्र मागवलं. दारातूनच नळी आत सोडली. मर्यादेच्या सातपट आकडा आला. साहेबांनी यंत्र दोनदा झटकलं, पुन्हा पाहिलं, आणि ट्रक परत पाठवायला निघून गेले.

हमाल झाडाखाली जाऊन बसले. मामा उंबऱ्याशीच राहिले, तिथून हलायचं त्यांना सुचत नव्हतं. थोड्या वेळाने पैलवान उठून जवळ आला. डोक्याचं फडकं त्याने सोडून हातात घेतलं होतं.

“मामा, मागच्या खेपेला मला ऊनच लागलं होतं ना?”

‘हो’ म्हणायला काही लागत नव्हतं. पैलवानालाही तेच हवं होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

“नाही रे,” मामा म्हणाले. “गॅस होता. मला तेव्हाही वास येत नव्हता.”

पैलवान फडक्याची घडी घालत राहिला. घातली, मोडली, पुन्हा घातली.

“बायको अजून म्हणते, मामा होते म्हणून वाचलास,” तो म्हणाला. “आता तिला काय सांगू?”

“खरं ते सांग,” मामा म्हणाले.

पैलवानाने मान डोलावली आणि तो झाडाखाली न जाता सरळ फाटकाबाहेर गेला.