लोकांसमोरची थापड

मालकिणीच्या बंगईवर बसले म्हणून बापाने मला मारलं. तिच्यासमोर. तिच्यासाठी.

बाप अमरावतीजवळच्या एका संत्राबागेत सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा. मी सात-आठ वर्षांची. त्याचा डबा घेऊन गेले होते. मालकांच्या ओसरीत पितळी कड्यांना टांगलेला झोपाळा होता, तीच बंगई. रिकामी. बसले. दोन झोके घेतले असतील. मालकीण आतून आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. बापाला हाक मारून म्हणाली, "सदा, तुह्या पोरीले तिची जागा दाखव."

बापाने दाखवली. कानाखाली. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याने बंगई पुसली. मी बसले होते तेवढीच नाही, अख्खी. मालकीण म्हणाली, "बस झालं आता. लेकरू हाय." आणि त्याच बंगईवर बसून तिनं चहा घेतला.

घरी परतताना बाप म्हणाला, "मी नसतं मारलं तं तिनं मारलं असतं, माय. तिच्यापरीस माहा हात बरा."

मला ते पटलं. हेच वाईट झालं. लग्न झालं, अकोल्यात आले, लेक झाली, तरी पटलेलंच राहिलं.

आता मी ब्लाऊज शिवते. नवरा, मी आणि दुसरीतली लेक, घरमालकीणबाईंच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खालून तक्रार आली की माझा हात आधी उठायचा. लेकीनं जिन्यात पाणी सांडलं, मारलं. कुंडीतलं फूल तोडलं, मारलं. बाई बघत असल्या की जरा जोरात. त्या म्हणायच्या, "वळण आहे हो तुमच्या घरात." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाईंच्या नातीनं माझ्या लेकीला ढकललं. "तुम्ही भाड्याचे," म्हणाली. लेकीनं तिला उलट ढकललं. बाई नातीला घेऊन तडक वर आल्या. "ही आमच्या पोरीवर हात टाकते. काय करायचं?" चोर सोडून संन्याशाला सुळी. मी मशीनवरून उठले.

लेक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चष्मा काढला. मिटला. माझ्या हातात दिला. मागच्या वेळी त्याची काडी वाकली होती. मग डोळे घट्ट मिटून तिनं गाल पुढे केला.

कोणी सांगितलं नव्हतं तिला. मी शिकवलं होतं.

त्या मालकिणीनं मला कधी बोटही लावलं नसतं. तिला गरजच नव्हती. बाप होता ना. इथे मी होते.

"मी नाही मारणार," मी म्हणाले. "आधी कोणं ढकललं ते तुमच्या नातीले इचारा."

"उलट बोलता? मग दुसरी खोली पाहा."

"पाहतो आमी."

त्या गेल्या. लेक अजून डोळे मिटूनच. चष्मा घालायला मी हात तिच्या तोंडाजवळ नेला, तर ती दचकून मागे सरली.

बापाला मी माफ केलेलं नाही. तिनंही मला करू नये. खोली सुटेल, सुटो. नवरा ओरडेल, ओरडो. कोणाच्या तोंडावर समाधान यावं म्हणून माझ्या लेकीच्या गालावर हात पडणार नाही. माझा नाही. आणि आता कोणाचाच नाही.