वरची बांधी, खालची बांधी

दादा गेल्यापासून घरात माझ्याशी कोणी वाद घालत नाही. भेटायला येणारे हळू आवाजात बोलतात, मीही तसाच बोलतो. त्याला हे आवडलं नसतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी भंडाऱ्याला तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झालो आणि एम. ए.ला नागपूरला जायचं म्हणालो. वडील नव्हते. सिहोऱ्याजवळची धानशेती दादा एकटा ओढत होता आणि त्याला मी शेतात हवा होतो.

"फिलासफी शिकून का होते रे?"

"होते न," वहिनी म्हणाली, "भात निवला तरी पुस्तकातून मान वर होत नाई."

रोवणा आटोपला, धानाची लावणी झाली की सांगतो, एवढंच दादा म्हणाला.

रोवणा झाला आणि पाऊस थांबला. गावतळ्याचं पाणी पाळीनं मिळे. आमची बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, वरच्या अंगाला. शेजारच्या काकांची तिच्याखाली. वरची भरली की बांध थोडा फोडून पाणी खाली सोडायचं, अशी रीत. त्या वर्षी दादानं बांध फोडला नाही. काका आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"अरे, माझं धान वाळून राहिलं."

"मंग माझं वाळू देऊ का?" दादानं मला पुढे केलं. "सांग रे यायले. शिकला न तू?"

शिकलेला माणूस घरच्या बाजूनं नीट बोलतो, अशी त्याची समजूत. मी म्हणालो, "दादा, आपली बांधी खाली असती तं?"

"वा! कॉलेजात हेच शिकवतेत का?" काका हसले.

दादा उठून गेला. आता नागपूर गेलंच, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बांधावर बसलेला दिसला. जवळ गेलो तर एकदम म्हणाला, "बरं, आपली खाली. पन पाणी एकाच बांधीपुरतं असन तं? अर्धं अर्धं केलं तं दोघायचंबी मरते. मंग?"

मी बोलायला लागलो, त्यानं अडवलं. दुसऱ्या बाजूनं आलो, तिथंही अडवलं. ऊन कलेपर्यंत हेच चाललं. अखेर मी म्हणालो, "मले नाई माहीत, दादा."

"तुया मास्तरले माहीत असन?"

"नसनबी."

तो कितीतरी वेळ हसला. मग फावड्यानं बांध फोडला. "आज तं पुरते दोघायले," म्हणाला. "तू जा नागपूरले. विचारून ये."

पुढे मी शिकवायला लागलो आणि हा प्रश्न वर्गापुढे ठेवू लागलो. सुट्टीत गावी आलो की दादा आधी तेच विचारी, "पोरं का म्हणतेत औंदा?" मी सांगे, तो एकेकाचं म्हणणं खोडून काढी. वहिनी जेवायला हाका मारून थके.

हा विषय शिकून काय मिळालं, असं लोक मला विचारतात. मला भाऊ मिळाला. तो आधीपासून होताच. पण त्या दुपारपर्यंत आम्हाला एकमेकांशी बोलण्यासारखं फारसं काही नव्हतं.