उघडे ठेवलेले दार

जिंकूनही काही मिळणार नसेल, तर माणसे संघात का राहतात? या प्रश्नाचे उत्तर मला गुडघ्याला चोळायच्या मलमाच्या वासासरशी आठवते. अमेरिकेत शिकताना मी कॉलेजच्या फुटबॉल संघाला गणित शिकवत असे. आधीच्या प्रशिक्षकाने नियम मोडले होते. त्याची शिक्षा म्हणून संघावर मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यांत खेळण्यास बंदी आली आणि खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाण्याची मुभा मिळाली. नव्या प्रशिक्षकांनी मलमाच्या वासाने भरलेल्या खोलीत सर्वांना बसवले आणि बर्फाळ मैदानाकडचे दार सताड उघडले. “ज्याला जायचे त्याने आत्ताच जावे. मी रागावणार नाही,” ते म्हणाले. कर्णधार उठला. तो गेला तर निम्मा संघ त्याच्या मागे जाईल, हे सर्वांना ठाऊक होते. तो दारापर्यंत गेला आणि त्याने ते घट्ट लावून घेतले. “कोच, थंडीने गुडघे आखडतात आमचे! सराव कधी?” “आधी गणिताचा तास, शहाण्या!” प्रशिक्षक ओरडले, आणि हशाने खोली दणाणली. मीसुद्धा बाक बडवत होतो. माणसे एकमेकांसाठी राहतात, हे माझे उत्तर आजही या एकाच प्रसंगावर उभे आहे. म्हणून जवळच्या एखाद्या हरणाऱ्या संघाचा सराव पाहा आणि ते स्वतः तपासा.