रोडग्यांवर वसलेलं ले-आऊट

बंडूजींनी बापाच्या मळ्यातली वांगी पुष्कळ विकली होती, पण प्लॉट कधी विकले नव्हते. तरी ब्याऐंशी साली हिंगणघाटच्या गिरणीवाल्या सेठांनी त्यांना सूतखात्यातून उचललं आणि वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या माळावर आणून बसवलं. सेठांचा पसारा केवढा! सूत झालं, तेल झालं, मालमोटारी झाल्या. आता त्याच घरची जमिनीची नवी कंपनी निघाली होती. माळ घ्यायचा, रस्ते आखायचे, प्लॉट पाडून विकायचे. बंडूजींना बोलायची भारी हौस, म्हणून निवड त्यांची. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं त्यांना दम लागायचा. इथं छातीभर हवा मिळाली आणि गडी खूश झाला.

पण वर्ष उलटलं तरी एक प्लॉट खपेना. वर्ध्याचे मास्तर, कारकून, पोस्टातले बाबू सहकुटुंब येत, चहा पीत आणि जाताना हटकून विचारत, तुमचा स्वतःचा प्लॉट कोणता? बंडूजी अजून हिंगणघाटलाच राहतात म्हटलं की मंडळी सायकलवर टांग टाकत. अहो, आचारीच आपल्या हातचं खात नसेल तर पंगतीला कोण बसणार! बंडूजींना प्लॉट हवाच होता. अडलं होतं ते गोपिकाबाईंपाशी. गिरणीच्या चाळीत शेजारणींच्या गराड्यात राहिलेली बायको. माळावर मी काय बाभळीशी बोलू, असं म्हणून तिनं तो विषयच मिटवला होता.

मग मोठ्या ऑफिसातून मोतीलाल साहेब आले आणि बजावून गेले: होळीपर्यंत विक्री झाली नाही तर इथलं ऑफिस बंद, बंडूजी परत सूतखात्यात. त्या धुळीच्या नुसत्या आठवणीनं बंडूजींना खोकला आला.

विक्रीचं शास्त्र त्यांना कुठलं ठाऊक! ठाऊक होते रोडगे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे कणकेचे गोळे. त्यांनी साऱ्या गिऱ्हाइकांना रविवारी माळावर जेवायला बोलावलं. वांग्याची भाजी गोपिकाबाईंच्या हातची; तेवढ्यापुरत्या त्या यायला कबूल झाल्या. नकाशाबरहुकूम एकेका प्लॉटवर एकेका कुटुंबाची चूल मांडली, म्हणजे ज्याला त्याला आपली जागा आवडेल, असा बंडूजींचा हिशेब. तो साफ चुकला. रोडगे काय एकेकट्यानं भाजतात? बायांनी चुली मोडल्या, गोवऱ्या उचलल्या आणि पार मागच्या कोपऱ्यात कडुलिंबाच्या झाडाखाली सगळ्यांचा मिळून एकच आर पेटवला. रस्त्यालगतचे महागडे प्लॉट ओस पडले. नेमके तेव्हाच मोतीलाल साहेब पाहणीला आले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पण रोडगे भाजता भाजता बायांनी आपापसात शेजारही ठरवून टाकला होता. जेवणं झाल्यावर पोस्टातल्या बाबूंच्या अनुसयाबाई साहेबांपुढं आल्या. लिंबाभोवतालचे सारे प्लॉट आम्ही घेतो म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, "पन गोपिकाबाई आमच्या मंधात पायजे. त्या नाई तं आमी बी नाई."

सगळे गोपिकाबाईंकडे बघू लागले. बायकोकडं मान वर करून बघायचंही बंडूजींना धाडस झालं नाही. गोपिकाबाईंनी पदरानं हाताची राख पुसली.

"मंधात कुंपन घालाचं नाई," त्या साहेबांना म्हणाल्या. "भाजीची वाटी नेता-आनताले आडवं येते. कबूल असन तं मी राह्यतो इथं."

साहेबांनी कबूल केलं, आणि बंडूजी चारचौघांत खुशाल रडले.