इंकांची गदा, माझी छडी

पटकन हात उठणं हा आमच्या घराण्याचा गुण आहे, असं मी बरीच वर्षं कौतुकाने सांगायचो. वडिलांनी मला पट्ट्याने बडवलं म्हणून मी इंजिनिअर झालो आणि परदेशात, चांगी बिझनेस पार्कात मॅनेजर झालो, अशी माझी पक्की समजूत होती. हौगांगला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीखालच्या दुकानात वेताच्या छड्यांचा जुडगा टांगलेला दिसला. मला बरंच वाटलं. इथलेही आईबाप आपल्यासारखेच! निळ्या प्लास्टिकच्या मुठीची एक छडी घेऊनच वर आलो.

मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हाची ही गोष्ट. एका रविवारी सकाळी पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "काय गं, खाल्लंस का काही?" आजीने विचारलं आणि ही टॅबवरून मान वर न करता म्हणाली, "नॉट हंग्री ला, आजी." आई तिकडे कसनुशी हसली, बिचारीला काही कळलंच नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजी एक वेळ चालेल, पण इथल्या पोरांसारखं आजीशीही वाक्याच्या शेवटी 'ला'? कॉल संपला आणि मी छडी काढली. दोन पोटऱ्यांवर, तिसरी दंडावर. "परत बोलशील? बोलशील परत?" बायको मधे पडली, तर तिच्याही मनगटावर बसली.

दुपारची म्युझियमची तिकिटं बायकोने आधीच काढून ठेवली होती. इंका लोकांचं प्रदर्शन आलं होतं, सोबत गाइडही होती. मुलगी त्या उकाड्यात लांब बाह्यांचा टी-शर्ट आणि फुल पँट घालून निघाली. एमआरटी ट्रेनमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असताना ती आईच्या पलीकडे जाऊन बसली. फुगलीये, होईल ठीक, असं मी मनात म्हटलं.

गाइड साठीची चिनी बाई होती, आवाज खणखणीत. भिंतभर लावलेल्या फोटोंमधून तिने डोंगरावरचे पडके किल्ले दाखवले, चुन्याशिवाय बसवलेले प्रचंड दगड दाखवले. लढायांवर आली तशी बाई रंगातच आली. गोफणीने फुटलेल्या कवट्या, शत्रूच्या कातड्याचे ढोल, त्याच्याच कवटीचा पेला, शिखरावर नेऊन बळी दिलेली पोरं. "काय रानटी लोक!" मी बायकोला म्हणालो. तिने मनगटावरची ओढणी सारखी केली आणि पुढे गेली.

शेवटी चांदणीसारख्या टोकांची दगडी गदा आली. खरी काचेत होती, हातात घ्यायला तिची नक्कल होती. ही कशी चालवायची, कोण दाखवतं, असं बाईंनी विचारलं. मीच पुढे झालो, अशा वेळी मागे राहीन तर शप्पथ! गदा घेतली आणि दणक्यात डोक्यावर उचलली.

पोरांच्या पहिल्या रांगेत माझी मुलगी उभी होती. तिने डोळे मिटले, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि पटकन खाली बसली. ओरडली नाही, रडली नाही. सवयीचं काम करावं तशी बसली.

लोक हसले. कोणी टाळ्या वाजवल्या. "काय छान ॲक्टिंग करते ही!" गाइड म्हणाली. कुणाला कळलं नाही म्हणून मला आधी हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की मी गदा घाईघाईने खाली ठेवली. माझी पोर मला घाबरत होती. शत्रूला घाबरावं तशी. ही भीती तिच्या मनातून आजच्या आज काढायचीच, एवढंच मग घरी पोचेपर्यंत डोक्यात होतं.

घरी आल्या आल्या छडी मोडायला घेतली. मेली मोडेना. वेतच तो, नुसता वाकायचा आणि सटकन सरळ व्हायचा. शेवटी स्वयंपाकघरातल्या, कचरा थेट तळमजल्यावर सोडायच्या शूटचं झाकण उघडलं आणि आत सोडून दिली. अकरा मजले आपटत गेली.

मागे वळलो तर मुलगी दारात उभी.

"टाकली," मी म्हणालो. "आता कधी नाही मारणार. तुझी शप्पथ, बाळा."

ती येऊन बिलगेल असं मला वाटलं होतं. ती झाकणाकडे बघत राहिली. मग एकेक शब्द जपून, एकही 'ला' येऊ न देता, माझ्या आईलासुद्धा समजेल अशा स्वच्छ मराठीत म्हणाली,

"बाबा, खालच्या दुकानात अजून आहेत."