पिशवीभोवतीचं पाणी

"हा स्तनाचा कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "पण कॅन्सर आहे. इम्प्लांटभोवतीचा लिम्फोमा. फार क्वचित होतो."

इम्प्लांट म्हणजे स्तनाच्या जागी बसवलेली सिलिकॉनची पिशवी. लिम्फोमा म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर.

त्याच्या आठ वर्षं आधी कॅन्सरमुळं माझा डावा स्तन काढावा लागला, तेव्हाच ती पिशवी बसवली होती. हे फक्त नवऱ्याला ठाऊक. सासूबाईंना वाटायचं, नुसती गाठ काढली.

हे नवं दुखणं सुरू झालं त्या वर्षी दुष्काळ होता. वाळूजजवळच्या आमच्या नव्या कॉलनीत अजून नळ आला नव्हता, टँकर यायचा. ब्लाउज डावीकडं घट्ट व्हायला लागला, महिन्याभरात ती बाजू चांगलीच सुजली. "हंडे उचलून झालं आसंल," म्हणत सासूबाई मला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "आधी काही ऑपरेशन?"

सासूबाई शेजारीच बसलेल्या. मी म्हणाले, "गाठ काढली होती." सूज उतरायच्या गोळ्या मिळाल्या आणि तीन महिने फुकट गेले. ज्यांनी अशी पिशवी बसवून घेतलीय, त्यांनी ती डॉक्टरांपासून लपवू नये.

शेवटी नवऱ्यानं रजा टाकून औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत पिशवीभोवती पाणी दिसलं. ते सुईनं काढून तपासलं. रिपोर्टला बारा दिवस लागले. मग पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर कुठवर गेलाय ते बघायची तपासणी. तो पसरला नव्हता.

"पिशवी आणि भोवतालचं आवरण अख्खं काढू," डॉक्टर म्हणाल्या. "बहुतेक तेवढ्यावर भागेल."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या.

"आठ वर्सं माझ्यासमोर पदर सावरीत बसायचीस," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, तुला मी नकोशी हाय."

मी त्यांच्या शेजारी बसून मेथी निवडायला लागले.

ऑपरेशन नीट झालं. केमो लागली नाही. दोन वर्षांच्या तपासण्यांत काही निघालेलं नाही. नवी पिशवी बसवायची का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मी नको म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. टाके ओले होते तेव्हा सासूबाई ओल्या फडक्यानं माझं अंग पुसायच्या. पहिल्या दिवशी मी पाठ करून बसले.

"इकडं तोंड कर," त्या म्हणाल्या.

मी केलं. त्यांनी जखमेकडं नीट पाहिलं, फडकं पिळलं आणि कडेकडेनं हलक्या हातानं पुसत राहिल्या.